बुडखा ठेवला तर फुटवा येईल का?

पत्र कोल्हापूरच्या एका ५४ वर्षांच्या ताईंचं आहे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि उजव्या किडनीत गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती ३.६ सेंटिमीटरची निघाली. कॅन्सरची दाट शक्यता, बाहेर कुठे पसरल्याची खूण नाही. अकरा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू, आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची सवय. क्रिएटिनिन १.१, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पहिल्या सर्जनांनी सांगितलं की दुर्बिणीतून आख्खी किडनी काढू, तीन-चार दिवसांत घरी. दुसरे म्हणाले की फक्त गाठ काढून किडनी वाचवता येईल, मात्र रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त. घरात ऊस लावणारे दीर म्हणतात, “वैनी, बुडखा ठिवला की फुटवा येणारच. मुळासकट काढून टाका.” पुण्यातली मुलगी म्हणते, रोबोटनंच करायचं. ताईंच्या धाकट्या बहिणीनं नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाला किडनी दिली आणि ती ठणठणीत आहे. ताई विचारतात, “तिला एक पुरते, मग मला का नाही पुरणार? उगीच अर्धी ठेवून जिवाला घोर कशाला? येत्या सोमवारी दाखल व्हायचं चाललंय.”

ताई,

आधी तुमच्या दिरांचं घेते. त्यांचं बोलणं मला खोटं पाडायचं नाही. उसाबाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि खालच्या डोळ्यांतून, म्हणजे कोंब फुटायच्या जागांतून, खोडवा घ्यायचा, हे त्यांनी जन्मभर केलंय. पण बुडख्याला फुटवा येतो तो त्यावर उसाचेच डोळे असतात म्हणून. किडनीच्या उरलेल्या चांगल्या भागावर गाठीचे डोळे नसतात. किडनीतली लहान गाठ बहुतेक वेळा स्वतःभोवती एक पातळ वेष्टण करून बसलेली असते. सर्जन त्या वेष्टणाबाहेरून, चांगल्या मांसाचा पातळसा थर सोबत घेऊन ती अख्खी उचलतात. गाठ पूर्ण निघाली तर उरलेली किडनी ही तुमची किडनीच असते, कॅन्सरचा बुडखा नव्हे. त्याच किडनीत पुढे गाठ होण्याचा धोका शून्य नसतो, पण तो शंभरात मोजक्यांचा. आणि म्हणूनच पुढची काही वर्षं स्कॅन करून लक्ष ठेवतात.

‘मुळासकट’ हा हट्ट काही दिरांचा एकट्यांचा नाही. १९६०च्या दशकात सर्जन लोकही तसंच मानायचे: किडनी, भोवतालची चरबी, वरची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. तेव्हा गाठी सापडायच्याच मोठ्या, लघवीतून रक्त जायला लागल्यावर. तुमच्यासारखी, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडलेली ३.६ सेंटिमीटरची गाठ त्या काळी कुणाला दिसलीच नसती. आज चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला, जागा सोयीची असेल तर, किडनी राखून शस्त्रक्रिया करणं हीच पहिली निवड समजली जाते. सातपर्यंतही जमेल तिथे करतात. तेव्हा दुसऱ्या सर्जनांनी तुम्हाला काही धाडसी, नवं, प्रयोगाचं सांगितलेलं नाही.

आता बहिणीकडे येते. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण दवाखान्यात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ते म्हणतंच. ताई, बहिणीची किडनी घेण्याआधी डॉक्टरांनी तिला किती चाळण्यांतून काढलं होतं ते आठवा. साखर तपासली, रक्तदाब पाहिला, लघवीतलं प्रथिन पाहिलं, दोन्ही किडन्या वेगवेगळ्या मोजल्या. एका जरी ठिकाणी शंका आली असती तर तिला परत पाठवलं असतं. मुलासाठी रडली असती तरी. म्हणजे ‘एका किडनीवर माणूस मजेत जगतो’ हे ज्यांच्याकडे बघून आपण म्हणतो ते सगळे निवडून घेतलेले, निरोगी लोक असतात. अकरा वर्षं मधुमेह असलेल्या तुम्ही उद्या किडनी द्यायला गेलात तर तुम्हाला कुणी घेणार नाही. मग तुमच्या उरलेल्या एका किडनीची तुलना तिच्या एका किडनीशी कशी करायची?

आणि तो १.१. ‘नॉर्मल’ हा शिक्का लॅबच्या छापील रकान्यावरून बसतो. तो रकाना तुम्हाला ओळखत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते. स्नायू किती, वय किती, बाई की पुरुष, यावर एकाच आकड्याचा अर्थ बदलतो. म्हणून वय आणि लिंग धरून एक सूत्र वापरतात, त्यातून येतो तो ईजीएफआर, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात याचा अंदाज. मी तुमचा आकडा त्यात घालून पाहिला. गंगावेशीतल्या तालमीतला २५ वर्षांचा पोरगा आणि तुम्ही, दोघांचं क्रिएटिनिन १.१. त्याचा ईजीएफआर येतो ९५च्या आसपास. (त्याचे स्नायू बघता किडनी आकड्यापेक्षाही चांगलीच असेल.) तुमचा येतो ६०.

साठ म्हणजे घाबरायचं नाही. पण साठ म्हणजे ‘नॉर्मल, विषय संपला’ असंही नाही. साठच्या खाली सलग तीन महिने राहिलं तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार म्हणतात. तुम्ही बरोबर उंबऱ्यावर आहात, आणि घरातल्या चर्चेत हा आकडा कुणीच काढलेला दिसत नाही. सगळे गाठीबद्दल बोलतायत.

हे तुमच्या एकटीचं नाही. न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयात अशा लहान गाठीच्या ६६२ रुग्णांचा अभ्यास झाला, २००६ साली छापून आला. सगळ्यांना दोन्ही किडन्या, सगळ्यांचं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’. तरी शस्त्रक्रियेआधीच त्यांतल्या २६ टक्के लोकांचा ईजीएफआर ६०च्या खाली होता. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी नव्यानं ६०च्या खाली न घसरण्याची शक्यता गाठ तेवढी काढलेल्यांत ८० टक्के होती, आख्खी किडनी काढलेल्यांत ३५ टक्के.

तुमच्यावर हे लावून पाहू, ढोबळ हिशेबानं. आख्खी किडनी गेली की दुसरी थोडं जास्त काम अंगावर घेते, तरी एकूण क्षमता साधारण एक तृतीयांशानं उतरते. साठाचे चाळीस. गाठ तेवढी काढली तर सहसा दहा टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे पन्नाशीच्या वर राहाल. चाळीसवर डायलिसिस लागत नाही, हे खरं. पण पंचेचाळीसच्या खाली गेलं की मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीची मात्रा पुन्हा ठरवावी लागते, तिसाच्या खाली ती बंदच. हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि मधुमेह काही शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही, तो उरलेल्या किडनीवर रोज थोडं थोडं काम करतच राहणार. तुम्ही ५४च्या आहात. हिशेब पुढच्या पंचवीस वर्षांचा मांडायला हवा.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझ्यात आणि रोबोटची जाहिरात करणाऱ्यांत फरक काय? युरोपात या दोन शस्त्रक्रियांची, कुणाला कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली, एकच मोठी तुलना आहे. पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ, दुसरी किडनी चांगली, असे ५४१ रुग्ण. २०११ साली निकाल आला तेव्हा किडनी वाचवलेल्यांचं आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. दहा वर्षांनी जिवंत असलेले आख्खी काढलेल्यांत ८१ टक्के, वाचवलेल्यांत ७६ टक्क्यांच्या जवळ. कॅन्सरनं गेलेले दोन्हीकडे थोडेच. किडनीचा मध्यम बिघाड वाचवलेल्यांत स्पष्टपणे कमी झाला, पण अगदी निकामी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे ज्याची दुसरी किडनी खणखणीत आहे त्याला आख्खी काढली तरी आभाळ कोसळत नाही. तुमचे पहिले सर्जन चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. मात्र तुमची दुसरी किडनी खणखणीत आहे का, हे त्यांनी तपासलं का, एवढंच मला विचारायचंय.

ते तपासायला फार काही लागत नाही. सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढून घ्या. साधी तपासणी आहे, मधुमेह्यांनी दरवर्षी करायची असते आणि बहुतेक करत नाहीत. ते ३०च्या वर असेल तर मधुमेहानं किडनीला हात घातलाय असं धरायचं, आणि मग किडनी वाचवण्याकडे पारडं आणखी झुकतं. दुसरं, डीटीपीए स्कॅन. त्यात उजवी किती काम करते आणि डावी किती, हे वेगवेगळं कळतं. समजा तुमची डावी आधीच अशक्त निघाली आणि गाठ असलेली उजवीच जास्त काम ओढतेय असं दिसलं, तर? माझ्या एका पेशंटचं नेमकं असंच निघालं होतं. सीटीत दोन्ही किडन्या सारख्याच दिसत होत्या. तिसरं, सीटीच्या वेळी शिरेतून रंगाचं औषध दिलं असेल तर त्यानंतर क्रिएटिनिन पुन्हा पाहिलं का? तुम्ही पाठवलेला रिपोर्ट सीटीच्या आधीचा आहे. हे सगळं घेऊन शस्त्रक्रियेआधी एकदा किडनीच्या डॉक्टरांना, नेफ्रॉलॉजिस्टना, दाखवा. सर्जन गाठ बघतो, नेफ्रॉलॉजिस्ट किडनी बघतो.

सोमवारची घाई कुणाची आहे? तुमची, सर्जनांची, की “एकदाचं काढून टाका” म्हणणाऱ्या पाहुण्यांची? इतक्या लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. तपासण्यांसाठी दोन-चार आठवडे गेल्यानं काही हातचं जात नाही. वर्षभर टाळायचं नाही, पण सोमवारच पाहिजे असंही नाही.

एक प्रश्न घरात कुणी काढला नसेल, तो मी काढते. गाठ कॅन्सरचीच आहे हे नक्की का? चार सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींत साधारण पाचातली एक साधी निघते. सुईनं तुकडा घेऊन बायोप्सी करता येते. “सुई लावली, हवा लागली की पसरतो” हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. किडनीच्या गाठीत सुईच्या वाटेनं पसरण्याचे प्रकार अतिशय दुर्मीळ आहेत. प्रत्येकाला बायोप्सी लागते असं नाही, बरेच सर्जन सीटीवरूनच पुढे जातात. पण जिथं आख्खी किडनी काढायचं चाललंय तिथं ‘आधी बायोप्सीचा उपयोग होईल का’ हे विचारायला लाजू नका. ज्यांचं वय ऐंशीकडे झुकलंय, हृदय अशक्त आहे, त्यांच्या लहान गाठीवर तर नुसती नजर ठेवणं किंवा सुईनं गाठ जाळणं वा गोठवणं हेही मार्ग असतात. तुमच्या वयाला मी त्यांच्या फार मागे लागणार नाही.

आता आत काय होतं ते सांगते. दुसऱ्या सर्जनांनी उच्चारलेला ‘रक्तस्राव’ हा शब्द तुमच्या डोक्यात बसलेला दिसतोय. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन किडन्यांतून फिरतो. अशा अवयवाला काप द्यायचा म्हणजे आधी त्याची रोहिणी चिमट्यानं बंद करावी लागते. बारे बंद करून पाटाची फुटलेली कड लिंपावी तसं. चिमटा लागला की घड्याळ सुरू होतं. रक्ताविना किडनी तापल्या अंगानं फार वेळ तग धरत नाही. साधारण २५ मिनिटांच्या आत गाठ काढून, आतली लघवीची वाट शिवून, खळगा टाक्यांनी आवळून चिमटा सोडायचा, असा प्रयत्न असतो. जास्त वेळ लागणार असेल तर किडनीभोवती निर्जंतुक बर्फाचा चुरा भरून तिला गार करतात. काही जण चिमटा न लावता किंवा फक्त गाठीकडे जाणारी फांदी बंद करून करतात. पूर्वी सगळा भर मिनिटांवर होता. आता कळलंय की शेवटी किडनी किती काम करणार हे मुख्यतः चांगलं मांस किती शिल्लक राहिलं यावर ठरतं. म्हणजे नेमकं कापणं आणि टाके घालताना उरलेल्या भागाचा गळा न आवळणं.

यातला धोका खोटा नाही. रक्त जास्त जाऊ शकतं. लघवी झिरपू शकते. आणि घरी गेल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, अचानक लघवीतून लाल रक्त येऊ शकतं. आतल्या रोहिणीला फुगा आलेला असतो. तेव्हा मांडीच्या रोहिणीतून नळी घालून ती जागा बुजवावी लागते, अँजिओप्लास्टीसारख्याच यंत्रावर. म्हणून सर्जनना विचारायचा माझा पहिला प्रश्न असा असतो: रात्री दोन वाजता असं झालं तर ते कुठं करणार? याच इमारतीत, याच गावात, की पुण्याला पळवणार? आणि पहिले तीन आठवडे शेतावरच्या घरी राहायला जाऊ नका. रुग्णालयाजवळ, गावातच राहा.

मुलीला सांगा, रोबोट हे उत्तम हत्यार आहे, चालवणारा माणूस आहे. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, त्यांतल्या किती वेळा मध्येच आख्खी काढावी लागली, माझ्या गाठीची जागा कशी आहे, बाहेर डोकावणारी की आत मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटलेली, हे विचारा. पोट उघडून सफाईनं वाचवलेली किडनी रोबोटनं कशीबशी वाचवलेल्या किडनीपेक्षा बरी. आणि हो, संमतीपत्रावर सही करताना ‘गरज पडल्यास पूर्ण किडनी काढावी’ ही ओळ असेल. ती वाचा, त्यावर आधीच बोला. गाठ वाईट जागी निघाली आणि सर्जननी आख्खी काढली, तर ती हार समजू नका. कॅन्सर पूर्ण निघणं पहिलं, किडनी वाचणं दुसरं. हा क्रम मीही बदलणार नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचार असणारच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी त्यांना भेटा आणि नेमकी कोणती शस्त्रक्रिया बसते ते विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं मनात असेल तर फाईल आणि सीटीची सीडी दोन्ही न्या, नुसत्या कागदावर कुणी बोलणार नाही.

आता तुमच्या हातातलं. गुडघ्याची ती गोळी आजपासून बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नावं वेगळी, किडनीशी वागणं एकच. पॅरासिटामॉल चालेल, मात्रा डॉक्टरांना विचारून. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठीही हीच गोळी लिहून येण्याची शक्यता असते, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, “माझा ईजीएफआर ६० आहे.” एवढं वाक्य पाठ करा. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवतात. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा. स्वतःच्या मनानं कुठलीच बंद करू नका.

घरी आल्यावर “ताकद भरून यावी” म्हणून पायाचं सूप आणि वाटीवर वाटी पांढरा रस्सा सुरू होईल, मला माहीत आहे. मी पण इथलीच. चार दिवसांनी घोटभर घ्या, पण मीठ बेतानं, आणि प्रोटीन पावडरचा डबा कुणी आणला तर तालमीत देऊन टाका. किडनीसाठी म्हणून काढे आणि भस्मंही नकोत, त्यांत काय आहे ते देणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं. पाच-पाच लिटर पाणी पिऊन किडनी धुऊन निघत नाही. तहान भागेल, लघवी फिकट राहील एवढं पुरे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं याच्याइतकी किडनी दुसरं काहीच वाचवत नाही, ती कापलेली असो वा नसो.

सर्जनना भेटायला जाताना दिरांना बरोबर घ्या. गाठीचा सीटी त्यांना स्क्रीनवर दाखवायला सांगा. डोळा कुठं आहे आणि कुठं नाही, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसेल. आणि धाकट्या बहिणीलाही न्या. किडनी दिलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची असते. ‘ठणठणीत आहे’ असं तुम्ही लिहिलंय. तिनं शेवटची तपासणी कधी केली, तेवढं तिला विचारा.